कंपनी काढली, पण हिशेब कोण देणार?

भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग असोत की मुंबईतील चामड्याचे कारखाने, आपल्या अनेक तरुणांना आता दुकानाच्या पाटीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' हे शब्द हवेसे वाटतात. टेंडर मिळते, बँकेत वजन पडते, असे कोणीतरी सांगतो आणि दोघे भाऊ डायरेक्टर होतात. कंपनी काढणे सोपे आहे. पण ती चालवण्याचा कायदा समजून न घेता हे पाऊल उचलणे धोक्याचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट, कंपनी ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती आहे. दुकानाच्या गल्ल्यातून घरखर्चासाठी पैसे उचलावेत तसे कंपनीच्या खात्यातून उचलता येत नाहीत. तो पैसा कंपनीचा. डायरेक्टरकडे तो अमानत असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वार्षिक हिशेब. कंपनी कायदा 2013 प्रमाणे प्रत्येक कंपनीला, उलाढाल कितीही कमी असली तरी, चार्टर्ड अकाउंटंटकडून हिशेब तपासून घ्यावा लागतो. 31 मार्चला वर्ष संपले की साधारणपणे 30 सप्टेंबरपर्यंत भागधारकांची वार्षिक सभा घ्यायची. सभेनंतर 30 दिवसांत हिशेबाचा फॉर्म (एओसी-4) आणि 60 दिवसांत वार्षिक विवरण (लहान कंपनीसाठी एमजीटी-7ए) रजिस्ट्रारकडे दाखल करायचे. उशीर झाल्यास प्रत्येक फॉर्ममागे दररोज 100 रुपये जादा शुल्क लागते. दोन्ही फॉर्म वर्षभर रखडले तर 73,000 रुपये झाले! धंदा एका पैशाचा झाला नाही तरी ही सुटका नाही.

सलग तीन वर्षे हे कागद भरले नाहीत तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. ही नुसती धमकी नव्हे. 2017 साली केंद्र सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे रजिस्टरमधून काढली आणि लाखो डायरेक्टर अपात्र ठरवले. त्यांत कागदी कंपन्या होत्या, तसे केवळ बेफिकीर राहिलेले लोकही होते.

काहीजण म्हणतात, 'हे सारे सी.ए. पाहतो, आम्हाला काय कळते?' हे उत्तर बरोबर नाही. सही आपली असते, जबाबदारीही आपलीच. आणि ताळेबंद आपल्याला परका नाही. जकात काढणारा व्यापारी दरवर्षी रोकड, विक्रीचा माल आणि येणे मोजतो, त्यातून देणे वजा करतो. ताळेबंदही हेच सांगतो: आपल्याकडे काय आहे आणि कोणाचे किती देणे आहे. फरक इतकाच की जकातीत माग, मशीन धरत नाहीत. ताळेबंदात तेही येतात. नफा-तोटा पत्रक वर्षभराची कमाई दाखवते. एवढे समजले तर सही करण्यापूर्वी चार प्रश्न नक्कीच विचारता येतात. येणे किती जुने आहे? शिल्लक माल प्रत्यक्ष मोजला का? डायरेक्टरच्या नावावर रक्कम का दिसते? कर भरला का?

ज्याचा धंदा लहान आहे, बाहेरचे भांडवल घ्यायचे नाही, त्याने मालकी किंवा भागीदारीतच राहावे; त्यात कमीपणा नाही. कंपनी काढलीच असेल आणि ती बंद पडली असेल, तर देणी चुकवून रीतसर अर्ज करावा व नाव काढून घ्यावे. तशीच सोडून देऊ नये.

कुरआनातील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, 282) कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. ज्या उम्मतला लिखापढीची एवढी ताकीद आहे, तिच्या व्यापाऱ्यांचे कागद अपुरे असावेत, हे शोभत नाही. व्यापारी संघटनांनी आणि जमातींनी वर्षातून एकदा, सप्टेंबरपूर्वी, एखाद्या सी.ए.ला बोलावून अशा बंधूंसाठी शिबिर घ्यावे. खर्च थोडा आहे, नुकसान मात्र पुष्कळ टळेल.