आई कुठे आहे?



टाकून दिलेलं मूल सापडलं की अमरावती-अकोल्याकडेही पहिला प्रश्न येतो, आई कुठे आहे? ‘निर्दयी माता’ हा मथळा मी कितीदा वाचला. ‘निर्दयी पिता’ एकदाही नाही. हक्काच्या वेळी मात्र १९५६चा हिंदू पालकत्व कायदा आधी बापाला पालक मानतो, ‘त्यानंतर’ आईला. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दाचा अर्थ सैल केला. शब्द राहिलाच.

अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस अपंग मुलांना बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सत्कार ठीक, त्यांची जुनी मागणी वेगळीच आहे. बालगृहातलं मूल अठराव्या वर्षी कायद्याने सज्ञान होतं, बाहेर पडतं. पुढची मदत सहसा एकविसापर्यंत, अपवाद म्हणून फार तर तेविसापर्यंत. मग बोलू न शकणाऱ्या, मतिमंद मुलीने जायचं कुठे? अशांना आयुष्यभर आसरा देणारा कायदा करा, असं ते म्हणतात.

सांभाळ गरजेवर ठरावा, जन्म कोणी दिला त्यावर नव्हे, हे आपणही म्हणतो. पण ही मागणी मला आपल्या निवेदनांत आढळली नाही. त्यातली काही मीच लिहिलेली आहेत. पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे.