पाच दिवसांचे बोगोता आणि सोबत आई-बाबा

छोट्या सहलीला तयारीही थोडीच लागते, असा आपला एक समज असतो. "चार-पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, डॉक्टर!" हे वाक्य दवाखान्यात बरेचदा ऐकू येते. माझे मत अगदी उलट आहे. पंधरा दिवसांच्या प्रवासात शरीराला नव्या जागेची सवय व्हायला वेळ मिळतो, एखादा दिवस झोपून काढला तरी चालते. पाच दिवसांतले दोन दिवस डोकेदुखीत आणि मळमळीत गेले तर उरते काय? म्हणून सहल जितकी छोटी, तितकी तयारी आधीपासून हवी. आणि ती तयारी तिकिटापासून नव्हे, घरातल्या सर्वांत वयस्कर आणि सर्वांत लहान माणसापासून सुरू व्हावी.

हे लिहिण्याचे कारण सांगतो. आपल्याकडचे अनेक आई-बाबा मुलांकडे अमेरिकेत काही महिने राहायला जातात. नातवंडांच्या सुट्टीत मुले हौसेने एखादी छोटी सहल ठरवतात, आणि त्यात कधी कोलंबियाची राजधानी बोगोताही असते. न्यूयॉर्कहून साधारण सहा तासांचा विमानप्रवास. शहर मोठे आहे, जुने आहे, जरूर पाहावे असे आहे. पण जाण्याआधी दोन गोष्टी नीट समजून घ्या: शहराची उंची आणि यलो फीव्हर.

उंची म्हणजे नेमके काय होते?

बोगोता समुद्रसपाटीपासून सुमारे २६४० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेपेक्षाही जवळपास एक हजार मीटर वर, आणि तेही पायऱ्या-पायऱ्यांनी नाही, विमानातून थेट.

हवेत ऑक्सिजनचे प्रमाण तिथेही २१ टक्केच असते. कमी असतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास पाव हिस्सा ऑक्सिजन कमी मिळतो. शरीर मग श्वास आणि नाडी दोन्ही वाढवते. बहुतेकांना जिना चढताना थोडा दम लागतो, एवढेच. पण काही जणांना पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखणे, मळमळ, थकवा, भूक न लागणे, झोप न येणे असा त्रास सुरू होतो. विश्रांती घेतली तर तो एक-दोन दिवसांत ओसरतो. लहान मुलाला "डोकं दुखतंय" हे सांगता येत नाही. ते किरकिर करते, खात नाही, खेळत नाही. त्याला हट्ट समजू नका.

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला आहे. तो बोगोतात बोटाला लावून ९१-९२ आकडा दिसला की घाबरून जाऊ नका. त्या उंचीवर निरोगी माणसाचाही आकडा असा कमी येऊ शकतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा. बसल्या जागी धाप लागणे, खोकला वाढत जाणे, बोलण्यात गोंधळ, चालताना झोक जाणे, छातीत दुखणे यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठा. बोगोतात आपत्कालीन मदतीचा क्रमांक १२३ आहे.

आधी कोणी तपासून घ्यावे?

रक्तदाब किंवा मधुमेह नीट आटोक्यात असलेल्या साठी-सत्तरीतल्या माणसाने घाबरण्याचे कारण नाही. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब थोडा वाढू शकतो, म्हणून गोळ्या चुकवू नयेत, इतकेच. मात्र पुढील लोकांनी तिकीट काढण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटावे:

- अलीकडे हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले, आणि थोड्या चालण्यानेही छातीत दुखणारे
- हृदयाचे पंपिंग कमी असलेले
- दीर्घकाळची दमा किंवा सीओपीडीची तक्रार असलेले
- हिमोग्लोबिन बरेच कमी असलेले
- गर्भवती स्त्रिया
- सिकल सेलचा आजार किंवा त्याचे वाहक असलेले

शेवटचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकल सेल बऱ्यापैकी आढळतो. अशा रुग्णांना उंचीवर तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. वाहकाला एरवी काही त्रास नसला तरी उंचीवर क्वचित प्लीहेला इजा होऊ शकते. घरात कोणाला हा आजार असेल तर बाकीच्यांची साधी रक्ततपासणी करून घ्या.

उंचीच्या त्रासासाठी असेटाझोलामाइड नावाची गोळी असते. पूर्वी लेह-लडाखला त्रास झालेल्यांना ती आधीपासून देण्याचा विचार आम्ही करतो. पण सल्फाची ॲलर्जी किंवा किडनीचा आजार असेल तर ती चालेलच असे नाही. शेजाऱ्यांनी घेतली म्हणून आपणही घेतली, असे करू नका.

यलो फीव्हर: वर शहर, खाली डास

यलो फीव्हर म्हणजे पीतज्वर. हा डासांमुळे पसरणारा विषाणूजन्य ताप आहे. बहुतेक लोक बरे होतात, पण काहींना तीव्र कावीळ आणि रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. त्यावर खास औषध नाही, लस मात्र उत्तम आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये कोलंबिया सरकारने या आजारामुळे आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती. रुग्ण प्रामुख्याने तोलिमा प्रांतात सापडत होते.

आता गंमत पाहा. खुद्द बोगोता शहर इतक्या उंचीवर आणि थंड हवेत आहे की हा आजार तिथे पसरत नाही. फक्त शहरातच राहणाऱ्या प्रवाशाला वैद्यकीयदृष्ट्या लशीची शिफारस केली जात नाही. पण बोगोताचे लोक शनिवार-रविवारी ऊन खायला आणि पोहायला खाली उतरतात, ते मेल्गार आणि हिरार्दोत या गरम गावांकडे. ही गावे काही तासांच्या अंतरावर, जेमतेम ३०० मीटर उंचीवर आहेत. मेल्गार तर तोलिमा प्रांतातच येते. "एक दिवस स्विमिंग पूलला जाऊन येऊ" असे ठरले की सगळा हिशेब बदलतो. तिथे डेंग्यूचे डासही आहेत.

तेव्हा आधी ठरवा: फक्त शहर, की खालीही उतरणार? या एका उत्तरावर लस अवलंबून आहे.

साठीनंतर लस घ्यावी का?

ही जिवंत विषाणूची, क्षीण केलेली लस आहे. तरुण, निरोगी माणसाला ती सुरक्षित आहे आणि एक डोस बहुतेकांना आयुष्यभर पुरतो. मात्र साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. तो तेव्हाही अगदी दुर्मीळच असतो, पण असतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट, बरेच दिवस स्टिरॉइड किंवा केमोथेरपी सुरू असलेल्यांना, तसेच अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना ही लस सहसा देत नाहीत. नऊ महिन्यांखालील बाळांनाही देत नाहीत.

यात आणखी एक पदर आहे, आपल्या सरकारच्या नियमाचा. यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लशीचे प्रमाणपत्र लागते. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. नियम देश पाहतो, शहराची उंची पाहत नाही. प्रमाणपत्रही लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते. म्हणजे बोगोताहून सरळ मुंबईला येणाऱ्याने आदल्या आठवड्यात लस घेऊन उपयोग नाही.

माझे मत स्पष्ट सांगतो. सत्तरीच्या आजीला केवळ विमानतळावरच्या कागदासाठी ही लस टोचू नये. त्याऐवजी सहल अशी आखा की आजी-आजोबा फक्त शहरात राहतील, तिथून परत अमेरिकेत मुलाकडे येतील आणि भारतात परतण्याआधी दोन-तीन आठवडे तिथे राहतील. सहा दिवसांचा प्रश्नच मग उरत नाही. कोलंबियातून निघाल्याची तारीख दाखवता यावी म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवा. उलट, घरातली तरुण मंडळी खालच्या गावांकडे जाणार असतील तर त्यांनी लस घेतलीच पाहिजे. भारतात ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि तारीख आधी घ्यावी लागते. म्हणून हा निर्णय भारत सोडण्यापूर्वी, निदान सहा आठवडे आधी व्हायला हवा. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याच्या दोन आठवडे आधी एकदा खात्री करा.

पाच दिवस कसे लावावेत?

पहिला दिवस रिकामा ठेवा. हो, पूर्ण रिकामा! हॉटेल, हलके जेवण, भरपूर पाणी, लवकर झोप. मद्य आणि झोपेची गोळी दोन्ही टाळा.

दुसऱ्या दिवशी सुवर्ण वस्तुसंग्रहालय आणि बोतेरो संग्रहालय. दोन्ही शहराच्या जुन्या भागात आहेत. सुवर्ण संग्रहालय सोमवारी आणि बोतेरो मंगळवारी बंद असते, हे पाहून वार ठरवा. ला कांदेलारियातले रस्ते चढाचे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सी घ्यावी. तिसरा दिवस सिपाकिराच्या मिठाच्या खाणीतल्या चर्चसाठी ठेवा. तिची उंची बोगोताइतकीच आहे, पण आत बरेच चालावे लागते.

मोन्सेरातेचा डोंगर चौथ्या दिवशी. तो ३१५२ मीटर आहे, म्हणजे शहरापेक्षाही पाचशे मीटर वर. अनेक जण उत्साहात पहिल्याच दिवशी तिथे जातात आणि रात्री डोके धरून बसतात. वर रोपवेने जा, पायऱ्यांनी नको. पाचवा दिवस रविवार असेल तर उत्तम. सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत मोठे रस्ते गाड्यांना बंद करून सायकलींना आणि चालणाऱ्यांना मोकळे ठेवतात. नातवंडांसोबत सपाट रस्त्यावर रमतगमत फिरा.

बॅगेत काय असावे?

- रोजची औषधे निम्मी हातातल्या बॅगेत नव्हे, सगळीच हातातल्या बॅगेत. सोबत औषधाच्या मूळ नावाची चिठ्ठी, कारण ब्रँडची नावे तिथे वेगळी असतात.
- पॅरासिटामॉल, ओआरएस, उलटीची गोळी.
- स्वेटर आणि रेनकोट. हवा वर्षभर पुण्याच्या थंडीसारखी, रात्री ८-९ अंशांपर्यंत उतरणारी.
- टोपी आणि सनस्क्रीन. हवा थंड असली तरी उंचीवर आणि विषुववृत्ताजवळ ऊन भाजते.
- प्रवास विमा. भारतात काढलेला विमा अमेरिकेसोबत कोलंबियालाही लागू आहे का आणि जुने आजार त्यात धरले आहेत का, हे वाचून पाहा.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: आहियाको हे तिथले प्रसिद्ध बटाट्याचे सूप कोंबडी घालून करतात, विचारून घ्या. मक्याची भाकरी, म्हणजे आरेपा, पोटाला सोसवते. कोकाच्या पानांचा चहा उंचीवर चांगला, असे कोणीतरी नक्की सांगेल. तो घेतल्यास लघवीच्या तपासणीत कोकेन दिसू शकते, आणि त्याची पाकिटे अमेरिकेत नेणे बेकायदा आहे. साधा चहा घ्या.

आई-बाबांना नेऊ नका, असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांना जरूर न्या. फक्त तिकीट काढण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, आणि आई "मला काही होत नाही गं" म्हणाली तरी पहिला दिवस रिकामाच ठेवा. आपल्या पिढीतली माणसे मुलांची सहल बिघडू नये म्हणून त्रास सांगत नाहीत. तो त्यांना विचारावा लागतो.