पावतीचा डॉलर

परवा शनिवारी घरी जामनेरला होतो. तिथेच न्यू जर्सीतल्या एका मित्राशी फोनवर जुंपली. तोही मूळचा इथलाच. म्हणाला, आईला पैसे पाठवायला बँक कशाला? स्टेबलकॉइन पाठवतो, पाच मिनिटांत पोचतील, खर्च नगण्य. फोन स्पीकरवर होता. बाबांनी एकच विचारलं, "पन त्याचे रुपये कोन देईन?"

झालं! मुद्दा तोच आहे. कॉइन पोचेल हो, पण किराणावाला तो घेत नाही. त्याच्याकडे यूपीआयचा क्यूआर आहे, गिऱ्हाइकाला एक पैसा पडत नाही. रुपये करायचे तर एक्स्चेंज, नाहीतर टेलिग्रामवरचा कुणी अनोळखी. त्याने टाकलेले पैसे सायबर फसवणुकीतले निघाले की खातं गोठलं, आणि पोलिसांकडे चकरा म्हातारीने मारायच्या. शिवाय एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस.

"अरे, पण तो डॉलरच आहे!" नाही बाबा, डॉलर देईन असं सांगणारी ती पावती आहे. आणि पावती म्हणजे काय, हे खानदेशाला शिकवू नये. जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्था आठवा. २०१५ मध्ये संस्थापकाला अटक झाली, ठेवी अडकल्या. पुढे तपासात आरोप झाला, की ठेवीदारांच्या पावत्या पडेल भावात घेऊन त्या कर्जदारांच्या कर्जात पूर्ण किमतीला वळत्या केल्या गेल्या. पावतीवर छापलेलं शंभर, हातात येणार किती, ते गरज बघून.

मार्च २०२३ मध्ये यूएसडीसीचं काय झालं? सर्कल कंपनीचे ३.३ अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले आणि एका डॉलरचा कॉइन ८८ सेंटच्या आसपास आला. सावरला तो अमेरिकी सरकारने बँकेच्या ठेवीदारांना हमी दिल्यावर. (म्हणजे शेवटी सरकारच!) मे २०२२ मध्ये कोसळलेला टेरायूएसडी तर सावरलाच नाही.

बँका विनिमय दरात गुपचूप कापतात, त्यावर मीही चिडतो. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय सिंगापूरच्या पेनाऊला जोडलं गेलंच ना? तसं अमेरिकेशी का नाही, यावर भांडा की! अर्जेंटिनातल्या माणसाचा स्वतःच्या पेसोवर भरवसा नाही, त्याने कॉइन धरला तर समजू शकतो.

मित्र म्हणतो मी जुनाट. असेन. या महिन्याचे पैसे मात्र त्याने बँकेतूनच पाठवलेत. आईच्या मोबाईलवर वॉलेट टाकून द्यायला कुणी नव्हतं म्हणे.