मधल्या स्वराचा कैवारी

चर्चमध्ये चार आवाजांचे गीत गाइले जात असता सर्वांचे लक्ष वरच्या आवाजाकडे जाते. चाल त्याच्याकडे असते. मुले घरी परतताना तीच गुणगुणतात. तळाचा धीरगंभीर आवाजही ओळखू येतो. मधला आवाज मात्र कोणाच्या ध्यानी राहत नाही. एखाद्या रविवारी तो गैरहजर राहिला म्हणजे गीत पोकळ वाटू लागते. परंतु उणीव कशाची आहे, हे तेव्हाही श्रोत्यांना उमगत नाही.

वाद्यवृंदात हे मधले स्थान व्हिओला नामक वाद्याचे आहे. व्हायोलिन आमच्या वाचकांना नवे नाही. गोव्यातील पॅरिश शाळांनी सोल्फा आणि व्हायोलिन यांचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिले. व्हिओला हे त्याच व्हायोलिनचे थोरले भावंड होय. व्हायोलिनच्या तारा सोल, रे, ला, मी अशा लावतात. व्हिओलाच्या दो, सोल, रे, ला अशा, म्हणजे पंचमाने खाली. इतका खालचा स्वर भरदार उमटावयाचा तर वाद्य व्हायोलिनच्या दीडपट, सुमारे २१ इंचांचे हवे. पण तेवढे वाद्य हनुवटीखाली धरणार कसे? म्हणून कारागीर सोळा इंचांच्या आसपास थांबतात, आणि आवाज किंचित दबलेला राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात या वाद्याची प्रतिष्ठा अशी होती की, व्हायोलिनमध्ये ज्याचे जमले नाही, त्याने व्हिओला धरावा!

या उपेक्षित वाद्याला ज्या पुरुषाने मान मिळवून दिला, त्याची ओळख आज वाचकांस करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे. लायोनेल टर्टिस हे त्याचे नाव. २९ डिसेंबर १८७६ रोजी तो इंग्लंडात जन्मला. चेलोचा थोर वादक पाब्लो कासाल्स याचाही जन्म त्याच दिवशीचा. टर्टिसचे कुटुंब गरीब यहुदी निर्वासितांचे. वडील लंडनमधील एका सिनॅगॉगमध्ये प्रार्थनागायक होते. वयाच्या तेराव्या वर्षी मुलगा घराबाहेर पडला, पियानो वाजवून चार पैसे मिळवू लागला आणि त्यांतून शिक्षणाचा खर्च भागवू लागला. पुढे लंडनच्या रॉयल अॅकॅडमी ऑफ म्युझिक या विद्यालयात तो व्हायोलिन शिकत असता एका सहाध्यायाला आपल्या चौकडीसाठी व्हिओलावादक हवा होता. कोणी मिळेना, म्हणून टर्टिसने ते वाद्य हाती घेतले आणि जन्मभर सोडले नाही.

वाद्य तर हाती आले. पण एकट्याने वाजवावे अशा रचनाच फार थोड्या होत्या. दुसरा कोणी असता तर वाद्यवृंदातील कायमच्या जागेवर संतुष्ट राहिला असता. टर्टिसने इतर वाद्यांसाठी लिहिलेल्या रचना व्हिओलासाठी उतरवून घेतल्या. एल्गारचा चेलो काँचेर्तोही त्याने असाच उतरविला, आणि १९३० साली तो वाजविताना वाद्यवृंदाचे संचालन खुद्द एल्गारने केले. समकालीन संगीतकारांच्या मागे तर त्याने सारखा लकडा लावला. बॅक्स, होल्स्ट, व्हॉन विल्यम्स यांनी त्याच्यासाठी नवीन रचना लिहिल्या.

१९००च्या सुमारास तो आपल्याच विद्यालयात शिक्षक झाला. रिबेका क्लार्क ही त्याच्यापाशी व्हिओला शिकली. तिने १९१९ साली लिहिलेला व्हिओला सोनाटा आजही जगभर वाजविला जातो. शिकविताना टर्टिसचा कटाक्ष सुरेलपणावर असे. वादकाने किंचित बेसूर झालेला स्वर एकदा चालवून घेतला, दुसऱ्यांदा चालवून घेतला, की जन्मजात चांगला असलेला कानही हळूहळू बिघडतो. हात चुकण्यापूर्वी ऐकणे थांबलेले असते, अशी त्याची शिकवण होती. १९३८ साली त्याने तारवाद्यांतील स्वरसौंदर्यावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. ही शिकवण केवळ वादकांनाच लागू आहे, असे आम्हांस वाटत नाही.

येथवरची हकीकत ऐकून वाचक म्हणतील, असा मनुष्य नव्या रचनेची वाटच पाहत असेल. परंतु १९२९ साली विल्यम वॉल्टन या सत्तावीस वर्षांच्या संगीतकाराने व्हिओलासाठी काँचेर्तो लिहून त्याच्याकडे धाडला, तेव्हा टर्टिसने तो टपालाने परत पाठविला. त्या तरुणाची संगीतभाषा त्याला विपरीत वाटली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये जर्मन संगीतकार पॉल हिंडमिथ याने तो प्रथम वाजविला. टर्टिस श्रोत्यांत बसला होता. आपण काय नाकारले, हे त्याला हळूहळू कळून आले. ज्याने पंचवीस-तीस वर्षे दारोदार रचना मागितल्या, त्याच्याच दारातून त्या वाद्याची एक सर्वश्रेष्ठ रचना विन्मुख परतली होती!

अशा प्रसंगी मानी मनुष्य दोनच गोष्टी करतो: रचनेला नावे ठेवतो, नाही तर गप्प बसतो. टर्टिसने तो काँचेर्तो अभ्यासिला, दुसऱ्याच वर्षी बेल्जियममधील लीएज येथे वाजविला, आणि पुढे पुष्कळदा वाजविला. सत्त्याण्णव वर्षांचा झाला असता प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात त्याने ही चूक आडपडदा न ठेवता लिहून ठेविली.

१९३७ साली उजव्या हाताच्या दुखण्यामुळे त्याने जाहीर वादनातून निवृत्ती पत्करली. मग तो वाद्याच्या घडणीकडे वळला. आर्थर रिचर्डसन नावाच्या कारागिराच्या साहाय्याने त्याने पावणेसतरा इंचांचा नवा नमुना सिद्ध केला: आवाज भरदार, तरी हाताला पेलणारा. तो अनेक देशांतील कारागिरांनी उचलला. हात बरा वाटू लागताच टर्टिस पुन्हा वाजवू लागला. २२ फेब्रुवारी १९७५ रोजी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी तो निवर्तला. १९८० पासून त्याच्या नावाने आंतरराष्ट्रीय व्हिओलास्पर्धा भरू लागली.

गायनमंडळात मुलीला दुसरा आवाज दिला म्हणून रुसणाऱ्या आईबापांनी हे चरित्र तिला अवश्य सांगावे. मात्र त्यातील वॉल्टनचा प्रसंग गाळू नये. मधल्या जागेला मान मिळवून देणे हे मोठेच काम. पण तो मान मिळाल्यावर आपल्या दाराशी आलेल्या नवख्याला ओळखणे त्याहून अवघड आहे, आणि ओळख चुकली तर ती दुरुस्त करावयास दुसऱ्या वर्षीही उशीर झालेला नसतो.