घर बांधण्याआधी कागद करा

गेल्या उन्हाळ्यात आम्ही परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी राहत्या घराला एक खोली जोडली. गवंडी गावचाच, ओळखीचा. चहा पिता पिता फुटाचा दर ठरला आणि काम सुरू झाले. खोली आतून १२ बाय १५, म्हणजे १८० चौरस फूट, असा आमचा हिशेब. स्लॅब झाल्यावर मिस्त्रीने २२२.७५ फुटांचे पैसे मागितले. हा आपणांस लुबाडतो, असे आम्हांस वाटले. तो म्हणाला, "गुरुजी, आम्ही माप बाहेरून धरतो." नऊ इंची भिंत चारही अंगांनी धरली की खोली १३.५ बाय १६.५ होते. हे गणित आम्ही मुलांना शिकवतो, पण घरी विसरलो. लबाडी कोणाचीच नव्हती. बोलणे अपुरे होते. तरी दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

बंधुभगिनींनो, हा फरक किरकोळ समजू नका. मजुरीचा दर फुटाला ३०० रुपये धरला, तर ४२.७५ फुटांचे १२,८२५ रुपये होतात. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातील ग्रामीण घरकुलास १ लाख २० हजार रुपये ठरले. त्याच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक रक्कम एका न बोललेल्या शब्दात जाते. मग गिलावा राहतो, दारे राहतात, आणि गरीब माणूस सावकाराच्या उंबऱ्यावर जातो.

पूर्वी सुताराने औत नीट करावे व खळ्यावर बलुते घ्यावे, अशी चाल होती. त्यात कारागिराची कुचंबणा पुष्कळ होती व ती चाल परत यावी असे आम्ही म्हणत नाही. पण कोणाला काय मिळणार हे साऱ्या गावास ठाऊक असे. आता व्यवहार रोखीचा, आणि घर तर जन्मातून एकदा. येथे चाल साक्षीला येत नाही. सबब कागद हवा.

कित्येक म्हणतात, गावच्या माणसाकडून लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे. आमचे मत उलट आहे. उचल घेऊन दुसऱ्या गावी काम धरणारा गुत्तेदार दोषी आहेच. पण काम मधेच वाढवून, "सुगी झाल्यावर देतो" म्हणत गवंड्यास हेलपाटे घालायला लावणारा घरधनीही तितकाच दोषी आहे. बाजारच्या दिवशी बिगाऱ्यांना मजुरी त्या गवंड्यालाच द्यावी लागते. कागद दोघांचेही रक्षण करतो.

त्यात काय असावे? माप आतून की बाहेरून; छज्जा, ओटा, पायऱ्या धरल्या की नाही; माल कोणाचा; वाळू-सळईचा भाव चढला तर बोजा कोणावर. पैसे जोते, लिंटल, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी द्यावेत. वाढीव काम त्याच दिवशी खाली लिहून दोघांनी सही करावी. वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॅक्टर पाहून ब्रास मानू नये, टेप लावावा.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घरबांधणी ही सेवा धरली आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पण तेथेही पहिला प्रश्न हाच येणार की, ठरले काय होते?

जोतीराव फुले यांनी स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतली होती. कष्टाने मिळवलेल्या पैशाचा चोख हिशेब ठेवण्यात कमीपणा नाही, हे त्यांच्या वाटेने जाणाऱ्यांस निराळे सांगणे नको. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीस बसवा व तिच्याकडून दोघांसमोर मोठ्याने वाचून घ्या. आमचा कागद आता त्याच मिस्त्रीच्या हातचा आहे. स्वयंपाकघराचे काम आम्ही त्यालाच दिले आहे.