तारामतीचा आवाज

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रदर्शित झाला. मराठीतला पहिला बोलपट म्हणून त्याची नोंद होते. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

१९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभातच्या गाठीशी तोवर फक्त मूकपट होते. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, छायाचित्रण केशवराव धायबर यांचे, कलादिग्दर्शन फत्तेलाल यांचे. ध्वनीची नवी आणि सर्वांत अवघड जबाबदारी विष्णुपंत दामले यांनी उचलली. ही मंडळी मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली शिकलेली. पेंटरांनी कॅमेराही स्वतः घडवला होता. यंत्र उघडून, जोडून, वापरून समजून घ्यायची तीच सवय दामल्यांच्या कामी आली.

पार्श्वगायन अजून आले नव्हते. नटाने कॅमेऱ्यासमोरच गायचे, वादकांनी चौकटीबाहेर बसून साथ करायची. एक सूर चुकला तरी सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्यात चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत करायचा होता. म्हणूनच कथानायक राजा हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी गोविंदराव टेंबे यांची निवड मोलाची ठरली. ‘मानापमान’ या संगीत नाटकाच्या चाली बांधणारा हा संगीतकार गायक-नटही होता, संगीतही त्यांनीच दिले. त्यामुळे गाण्यांतून संगीत रंगभूमीच सरळ पडद्यावर उतरली.

पण चित्रपट खरा तोलला तो दुर्गा खोटे यांनी. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात हरिश्चंद्राची राणी तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, कारण बाई मिळाली नाही. एकोणीस वर्षांनी तीच तारामती होऊन मुंबईच्या सुशिक्षित घरातली, सेंट झेवियर्समध्ये शिकलेली तरुणी स्वतःच्या आवाजात बोलत, गात होती. आधीच्या ‘फरेबी जाल’मधल्या लहानशा कामावरून त्यांना बरीच टीका सोसावी लागली होती, हे लक्षात घेतले तर या भूमिकेमागचे धैर्य कळते.

प्रेक्षकांनी चित्रपट उचलून धरला. हरिश्चंद्राची कथा कीर्तनांतून घरोघरी पोचलेली. पुढे काय होणार हे सर्वांना ठाऊक. तरी राणीचा विलाप माणसाच्या जिवंत आवाजात ऐकणे हा अनुभवच निराळा होता. खोटे यांचे नाव झाले आणि प्रतिष्ठित घरांतल्या मुलींसाठी चित्रपटाची वाट थोडी मोकळी झाली. पुढच्याच वर्षी प्रभातने पुण्याला बिऱ्हाड हलवले.

‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही. ‘अयोध्येचा राजा’ मात्र टिकला. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना भारतीय बोलपट तोच मानला जातो. तारामतीचा तो आवाज अजून ऐकता येतो.