सरडेच्या प्रवीणची सहा-शून्य हार: राग बरोबर आहे, पण तो चुकीच्या दिवसावर निघतोय

फलटण : टोकियोत तिरंदाजीचे सामने शनिवारी संपले. आपल्याकडे मात्र विषय संपलेला नाही. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव बुधवारी, 28 जुलैला, अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून 6-0 असा हरला, आणि तेव्हापासून पारावर, डेअरीच्या रांगेत, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकच सूर आहे. हरायचं तर हरायचं, पण एक तरी सेट घ्यायचा. सहा-शून्य म्हणजे काय खेळ झाला?

हा राग खोटा नाही. 27 जूनला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये प्रवीणचं नाव घेतलं, तेव्हापासून जिल्हाभर त्याचीच चर्चा होती. आईवडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारे. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी पोराला आधी पळायला लावलं. तिथनं तो क्रीडा प्रबोधिनीत गेला, हातात धनुष्य आलं, मग लष्कर. अशा घरातलं पोरगं ऑलिम्पिकला उभं राहतं तेव्हा बघणारा नुसता प्रेक्षक राहत नाही. त्याला वाटतं आपणच बाण सोडतोय. त्यामुळे हार झाली की लागतंही आपल्यालाच.

तरी रागावण्याआधी आकडे एकदा नीट बघायला हवेत. कारण त्या दिवशी प्रवीणच्या नावावर दोन सहा-शून्य आहेत, आणि लोकांच्या लक्षात एकच राहिलंय.

एलिसनच्या आधी त्याच दिवशी त्याची गाठ रशियाच्या गाल्सान बझारझापोव्हशी होती. जागतिक क्रमवारीत दुसरा. प्रवीणने त्याला 6-0 ने घरी पाठवलं. सेट होते 29-27, 28-27, 28-24. नऊ बाणांत 90 पैकी 85 गुण. थोड्या वेळाने क्रमवारीत पहिला असलेला एलिसन समोर आला. तिथे 27-28, 26-27, 23-26. नऊ बाणांत 76.

आता एलिसनचे सेट परत वाचा. 28, 27, 26. आणि प्रवीणचे आधीच्या सामन्यातले 29, 28, 28. म्हणजे पहिल्या सामन्यातला प्रवीण दुसऱ्या सामन्यात उभा असता तर जगातला एक नंबर तिन्ही सेट हरला असता. खरी जळजळ इथे व्हायला पाहिजे. एलिसन त्या दिवशी काही आभाळाला भिडला नव्हता. दार उघडं होतं.

सहा-शून्य कसं होतं हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अंतर 70 मीटर. निशाण 122 सेंटिमीटरचं, त्यातलं दहाचं वर्तुळ जेमतेम चहाच्या बशीएवढं. एका सेटला तीन बाण. ज्याची बेरीज जास्त त्याला 2 गुण, बरोबरी झाली तर दोघांना एकेक. सहा गुण आधी करेल तो जिंकला. सेट एका गुणाने जिंका की दहाने, मिळणार दोनच. दुधाच्या फॅटसारखं आहे हे. साडेतीनच्या जागी तीन-चार लागली की कमी पडलेला असतो एकच पॉइंट, पण दर सगळ्या कॅनचा उतरतो. प्रवीणचे पहिले दोन सेट असेच गेले, एकेका गुणाने. फळ्यावर मात्र 4-0 झळकलं आणि बघणाऱ्याने टीव्ही बंद केला.

तिसरा सेट वाईटच गेला, त्याला मलम लावायचं कारण नाही. तीन बाणांत 23 म्हणजे ऑलिम्पिकच्या मानाने कमीच. युमेनोशिमाचं मैदान समुद्राच्या कडेला, त्या आठवड्यात वादळाची हवा, त्यापायी तिरंदाजीचं वेळापत्रकही बदलावं लागलं होतं. पण वारा काही एकट्या प्रवीणला नव्हता.

मग हार झाली कुठे? ती बुधवारी झालीच नाही. ती ठरली 23 जुलैला, शुक्रवारी. त्या दिवशी मानांकनाची फेरी होती. प्रत्येकाने 72 बाण मारायचे, आणि बेरजेवरून पुढे कोणाशी कोण भिडणार हे ठरायचं. प्रवीणचे 656 गुण झाले, क्रमांक 31 वा. तक्ता असा असतो की 31 वा आणि 34 वा आधी एकमेकांशी खेळतात, आणि त्यातला जिंकणारा दुसऱ्या मानांकिताच्या पुढ्यात जातो. दुसरा कोण होता? 682 गुणांचा एलिसन. म्हणजे पहिला सामना जिंकला की पुढे एलिसन, हे पाच दिवस आधीच लिहून झालं होतं.

त्या शुक्रवारी इकडे कोण टोकियो बघत होतं? आदल्या रात्रीपासून पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळलेल्या. महाबळेश्वरला पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. खाली सांगलीत कृष्णा चढत होती. पुढे आयर्विन पुलापाशी पाणी 50 फुटांच्याही वर गेलं, जिथं धोक्याची पातळी 45 आहे. लोक जनावरं सोडवत होते, पोती माळ्यावर चढवत होते. लाईट नाही, रेंज नाही. फलटणकडे तेवढं पाणी नव्हतं, पण जीव सगळ्यांचा तिकडंच लागलेला. मानांकन फेरीची बातमी आपल्याकडे कोणी वाचली असेल असं वाटत नाही. प्रवीणची स्पर्धा लोकांसाठी सुरू झाली ती थेट बाद फेरीपासून.

आणि एलिसन हा काही एकटाच अपघात नव्हता. शनिवारी 24 तारखेला दीपिका कुमारीबरोबरच्या मिश्र दुहेरीत भारताने तैपेईला 5-3 ने हरवलं आणि पुढच्याच सामन्यात कोरियाकडून 6-2 ने मार खाल्ला. सोमवारी पुरुष संघाने कझाकस्तानला हरवलं, पुढे परत कोरिया, परत हार, 6-0. पुरुष संघाचं मानांकन नववं होतं. नववा संघ पहिली फेरी जिंकला की उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या मानांकिताशी गाठ पडते, आणि पहिला कोरिया होता. दीपिकाही 663 गुणांनिशी नववी. शुक्रवारी 30 तारखेला तिच्यासमोर कोरियाची आन सान आली, निकाल 6-0. जगातली एक नंबर तिरंदाज ती! म्हणजे सरडेच्या पोराला जे झालं तेच तिलाही झालं.

मिश्र दुहेरीत अतनू दासऐवजी प्रवीणला का उतरवलं, यावर देशभर वाद झाला. अतनू-दीपिका जोडीने महिन्यापूर्वीच पॅरिसच्या विश्वचषकात सुवर्ण मिळवलं होतं, हे खरं. जमलेली जोडी मोडायला नको होती, असं म्हणणाऱ्यांना अगदीच खोडून काढता येणार नाही. पण मानांकन फेरीत प्रवीण 656, अतनू 653, तरुणदीप राय 652. निवड गुणांवर झाली. गुणांवर निवड झाली म्हणून ओरडायचं आणि वशिल्याने झाली तरी ओरडायचं, असं दोन्हीकडून चालत नाही. शिवाय अतनूला धरून बेरीज केली तर ती तीन गुणांनी कमीच भरते. जास्त गुण होऊन कोरिया टळला असता असं काही नाही.

आता मुख्य हिशेब. एलिसन 682, प्रवीण 656. फरक 26 गुणांचा, 72 बाणांत. भागाकार केला तर जवळजवळ दर तीन बाणांमागे एक गुण. आणि सेट किती बाणांचा? तीनचा. 28-27, 27-26 हे आकडे कुठून आले ते इथं दिसतं. जो फरक शुक्रवारी 72 बाणांत होता तोच बुधवारी दोन सेटमध्ये दिसला, आणि तीन बाणांमागे एक गुण म्हणजेच सेट पद्धतीत सहा-शून्य. नशीब वगैरे नंतर.

हा एक गुण कसा भरून काढायचा, हा प्रश्न विचारायचा तर तो एकट्या प्रवीणला विचारून भागत नाही. मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या लोझानला विश्वचषकाचा टप्पा होता. कोरोनामुळे व्हिसा मिळाला नाही आणि भारतीय संघ गेलाच नाही. ऑलिम्पिकच्या दोन महिने आधी मोठा सामना बुडाला. दुसरीकडे कोरियाची निवड चाचणी अशी कडक की 2016 च्या रिओत वैयक्तिक सुवर्ण घेतलेले दोघेही, कू बोन-चान आणि चांग हे-जिन, यंदा संघात आले नाहीत. त्यांच्याकडे मागच्या सुवर्णावर पुढची जागा मिळत नाही. तिथे 17 वर्षांच्या किम जे-देओकने मानांकन फेरीत 688 मारले आणि दोन सुवर्णं घेऊन गेला.

आपल्याकडे हार मोजायची सवयच थोडी वेगळी आहे. शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली, तेव्हाही दहावीच ना, म्हणणारे निघाले होते. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी ट्रॅकवर अंतिम फेरी गाठलेली ती पहिली भारतीय बाई होती, हे नंतर कळलं. सांगलीकरांना 2017 चा लॉर्ड्सचा अंतिम सामना आठवत असेल. स्मृती मानधना शून्यावर गेली आणि भारत 9 धावांनी हरला. तेव्हा सांगलीत कोणी जेवण नीट केलं नसेल.

बाकी एलिसनचं पुढं काय झालं तेही सांगून ठेवलेलं बरं. शनिवारी उपांत्यपूर्व फेरीत तुर्कस्तानच्या मेते गाझोझने त्याला हरवलं आणि सुवर्णही गाझोझनेच नेलं. अतनूही त्याच दिवशी जपानच्या फुरुकावाकडून 6-4 ने बाहेर पडला. भारताची पाटी तिरंदाजीत कोरीच राहिली.

2021 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत यांक्टनला जागतिक स्पर्धा होती. 2019 ला याच स्पर्धेत नेदरलँड्समध्ये प्रवीण, अतनू आणि तरुणदीप यांनी सांघिक रौप्य मिळवलं होतं आणि टोकियोची जागा पक्की केली होती. तिथेही पहिल्यांदा मानांकन फेरीच असते, 72 बाणांची. टीव्हीवर बहुतेक दाखवत नाहीत. गुण मात्र इंटरनेटवर लगेच येतात.